चौल : घाटवाटांवर जगलेले बंदर

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. या मुखाच्या उत्तर काठावर चौल आणि रेवदंडा ही जोडगावे आहेत. समोरच्या काठावर कोर्लईचा डोंगर समुद्रात शिरलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांत चौलची गणना होत होती. ग्रीक खलाशांनी त्याला सिमिल्ला म्हटले, कोरीव लेखांत ते चेमूल आहे, अरबांनी सैमूर लिहिले, मराठी कागदपत्रांत चेऊल आणि चौल ही दोन्ही रूपे येतात. इतक्या दीर्घ काळात चौलला स्वतःचा राजा मिळाला नाही. सत्ता कधी पैठणला, कधी मान्यखेटला, कधी ठाण्याला, कधी बिदर-अहमदनगरला होती. तरीही नगराचा रोजचा कारभार, न्याय, जकात आणि वस्तीची वाटणी तिथल्या व्यापारी जमातींनी आपापसांत आणि राजाशी केलेल्या करारांवर चालत असे. पश्चिम किनाऱ्यावर समुद्री नगरराज्याच्या जवळ जाणारे काही असेल, तर ते चौलसारख्या बंदरांतच शोधावे लागते.

चौलची जागा नीट समजायची तर नकाशावर नजर पूर्वेकडे न्यावी लागते. कुंडलिकेचा उगम सह्याद्रीच्या ऐन कड्याखाली, भिऱ्याच्या परिसरात आहे. त्या कड्याच्या माथ्यावर पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका सुरू होतो. ताम्हिणी, पिंपरी, तेलबैला, एकोले, आंबवणे ही गावे या धारेलगत आहेत. खाली उतरलेली नदी कोलाड-रोह्यावरून वाहत जाते आणि रोह्याच्या पुढे तिची खाडी होते. भरतीच्या पाण्यावर होड्या आणि मचवे खाडीने बरेच आत येऊ शकत. म्हणजे समुद्रातून आलेला माल पाण्याने जवळजवळ सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोचत असे आणि तिथून डोक्यावर किंवा बैलांच्या पाठीवर घाट चढत असे. उत्तरेला अंबा नदीचे खोरे आहे. पाली, नागोठणे आणि धरमतरची खाडी ही त्या खोऱ्याची वाट. चौलचा पाठीराखा मुलूख या दोन खोऱ्यांतून वर चढत मुळशी-मावळात आणि तिथून पुढे दख्खनच्या पठारावर पसरला होता.

मुळशीच्या पश्चिम धारेवरून कोकणात उतरणाऱ्या वाटा अनेक आहेत. तेलबैल्याकडून सुधागडाच्या बाजूला सवाष्णी घाट उतरतो, तिथूनच ठाणाळ्याकडे वाघजाई घाट जातो, पिंपरीहून अंधारबनाच्या दाट रानातून हिर्डीमार्गे भिऱ्याला वाट आहे, आणि ताम्हिणी घाटातून आज पुणे-माणगाव रस्ता गेला आहे. यातल्या पायवाटा आता गिर्यारोहकांच्या आणि स्थानिक धनगर-कातकऱ्यांच्याच पायाखाली येतात. एके काळी मात्र त्यांच्यावर वर्दळ होती, आणि ती किती जुनी होती याचा पुरावा वाटेवरच खोदलेला आहे. वाघजाई घाटाच्या उतारावर ठाणाळ्याची बौद्ध लेणी आहेत, घनगडाच्या खालच्या अंगाला नेणवली-खडसांबळ्याची. ठाणाळे लेण्यांची आधुनिक अभ्यासकांना ओळख करून देण्याचे श्रेय जे. ई. अ‍ॅबट या मिशनऱ्याकडे जाते. मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवाद करणारे अ‍ॅबट ते हेच. ही लेणी इसवी सनापूर्वीच्या शतकांपासूनची आहेत. ती जिथे आहेत तिथे एरवी कोणी वस्ती करणार नाही. चढ दमवणारा, रान दाट, पावसाळ्यात पाण्याचे लोट. भिक्षूंनी ही जागा निवडली, कारण खालून वर आणि वरून खाली जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे इथे विसावत. त्यांच्या दानावर विहार चालत, आणि विहाराच्या टाक्यातले पाणी व रात्रीचा आसरा तांड्यांना मिळे.

घाटमाथ्यावरचे किल्लेही याच साखळीचे दुवे आहेत. कोरीगड, घनगड आणि तेलबैल्याच्या जुळ्या भिंती या तिन्ही ठिकाणी खडकात खोदलेली टाकी किंवा गुहा आहेत. बालेकिल्ले आणि दरवाजे पुढच्या काळातले असले, तरी घाटाच्या तोंडावर पहारा ठेवून जकात वसूल करायची ही व्यवस्था फार जुनी. उत्तरेला नाणेघाटाने कल्याण बंदराला जुन्नरशी जोडले, बोरघाटाच्या परिसरात कार्ले आणि भाजे उभे राहिले. मुळशीच्या घाटांना तेवढी कीर्ती मिळाली नाही. एका मोठ्या हमरस्त्याऐवजी इथे लहान वाटांचे जाळे होते, आणि जाळ्याचे नाव इतिहासात सहसा उरत नाही. चौलच्या दृष्टीने मात्र हे जाळे सोयीचे होते. एका घाटावर दंगा झाला किंवा जकात वाढली, तर माल दुसऱ्या वाटेने उतरत असे.

चौलचा पहिला स्पष्ट उल्लेख ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत आहे. पहिल्या शतकात लिहिलेल्या या पुस्तिकेत कल्याणच्या पुढे दक्षिणेकडे जाताना सिमिल्ला ही बाजारपेठ लागते, त्यानंतर मंदगोरा, म्हणजे बहुधा राजपुरीच्या खाडीवरचे मांदाड. त्याच पुस्तिकेत कल्याणची एक बातमी येते. तिथल्या सत्तेत बदल झाल्यावर ग्रीक जहाजे तिथे आलीच, तर त्यांना पहाऱ्यात भडोचला नेले जाई. सातवाहन आणि क्षत्रपांच्या झगड्यात कल्याणची वाट अशी अडली, त्या काळात चौलसारख्या दक्षिणेच्या बंदरांचे महत्त्व वाढले असले पाहिजे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर टॉलेमीने भूगोल रचला, तेव्हा सिमिल्लाहून आलेल्या व्यापाऱ्यांकडून त्याला हिंदुस्थानच्या किनाऱ्याची माहिती मिळाली होती. अलेक्झांड्रियाच्या पंडिताला आपली मोजमापे ताडून पाहण्यासाठी चौलच्या व्यापाऱ्यांचा आधार वाटावा, ही साधी गोष्ट नाही.

त्या काळच्या समाजाचे चित्र लेण्यांतल्या दानलेखांतून उभे राहते. कान्हेरीला कल्याण, सोपारा आणि चेमूलच्या दात्यांची नावे आहेत. चेमूलच्या एका हेरणिकाने, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्याने, तिथे पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दिली. चौलपासून दक्षिणेला मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत. तिथे महाभोज घराण्यातल्या लोकांबरोबर शेठ, वैद्य, माळी आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी यांची दाने कोरलेली आहेत. सत्ताधारी आणि माळी एकाच डोंगरात शेजारी शेजारी आपले नाव कोरून ठेवतात, यावरून बंदरालगतच्या समाजात पैशाने मिळणाऱ्या प्रतिष्ठेला किती जागा होती ते कळते. कऱ्हाडचा लोखंडवाला किनाऱ्यापर्यंत येतो, याचा अर्थ घाट रोजच्या व्यवहारात होते.

या व्यवहारामागे श्रेणी उभ्या होत्या. एका धंद्याचे लोक श्रेणीत एकत्र येत, ठेवी स्वीकारत, व्याज देत आणि आपल्या माणसांची जबाबदारी घेत. चौलच्या श्रेणीचा लेख सापडलेला नाही, पण नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार शेकडा पाऊण व्याजाने ठेवले आणि ते व्याज भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व किरकोळ खर्चासाठी लावून दिले. राजाच्या जावयाला विणकरांच्या पेढीवर कायमची ठेव ठेवावीशी वाटते, यावरून त्या काळच्या श्रेणींची पत दिसते. त्याच्याच दुसऱ्या एका लेखात नद्यांवर विनामूल्य तरी चालवल्याचा आणि भडोच-सोपाऱ्यासारख्या ठिकाणी धर्मशाळा बांधल्याचाही उल्लेख येतो. बंदर चालते ते धक्क्यावर, पण टिकते ते अशा तरी, धर्मशाळा आणि पोढ्यांच्या आधारावर.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत चौलला उत्खनन केले. सातवाहन काळचे थर, मातीच्या कड्यांच्या विहिरी आणि परदेशी भांड्यांची खापरे तिथे मिळाली. वाड्यांच्या मऊ मातीखाली जुने नगर आहे, हे त्यातून ठरले. ते कुठपर्यंत पसरले होते हे पाहायचे तर घरे आणि बागा उकराव्या लागतील. म्हणून नगराची रचना सांगताना खणलेल्या खड्ड्यांपेक्षा जमिनीचा उतार, तलाव, देवळे आणि पाखाड्यांची नावे यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या सखल, वाळूमिश्रित पट्ट्यावर वस्ती आहे आणि तिच्या पाठीशी डोंगर. समुद्राकडचा भाग रेवदंडा, त्यालाच खालचे चौल म्हणत. आतला उंचवट्याचा भाग वरचे चौल. जुने नगर मुख्यतः वरचे चौल आणि त्याच्या खाडीकडच्या काठावर होते. गलबते उघड्या समुद्रावर न थांबता खाडीत शिरत, कारण कोर्लईच्या डोंगराचा त्यांना आडोसा मिळे. काठाला कोळ्यांची वस्ती, त्यामागे खाजणे आणि मिठागरे, मग वाड्या आणि त्यांच्या मधून गेलेल्या पाखाड्या, आणि सर्वांत मागे डोंगरावरची देवस्थाने. ही क्रमवारी आजच्या चौलमध्येही ओळखू येते. पाखाडी म्हणजे दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे असलेला रस्ता आणि त्याच्यावरची वस्ती. प्रत्येक पाखाडीला आपली जात, आपला धंदा, आपले दैवत आणि आपली विहीर होती. मोठ्या चौकाभोवती आखलेले हे शहर नव्हे. गोड्या पाण्याच्या मागे मागे ते वाढत गेले. वाळूच्या पट्ट्यात थोडे खणले तरी गोडे पाणी लागते, म्हणून प्रत्येक वाडीला विहीर आणि विहिरीवर रहाट. वस्ती जितकी दाट तितके तलाव अधिक.

रामेश्वराचे देऊळ हे वरच्या चौलचे मध्यवर्ती ठिकाण. समोर मोठी पुष्करिणी आहे. देवळात अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड अशी तीन कुंडे झाकून ठेवलेली आहेत, आणि अवर्षणाच्या वर्षी पर्जन्यकुंड उघडण्याची चाल होती. पावसावर आणि वाऱ्यावर ज्या नगराचा सारा व्यापार अवलंबून, तिथल्या ग्रामदैवताने वारा आणि पाऊस आपल्या पोटात सांभाळावेत हे साजेसेच आहे. डोंगरावर हिंगलाज देवी आहे. तिचे मूळ स्थान बलुचिस्तानात मकरानच्या किनाऱ्याजवळ. मकरान ते चौल ही गलबतांचीच वाट असल्यामुळे देवीही त्याच वाटेने आली असावी, असे मानायला हरकत नाही.

चौलच्या समाजाचे सर्वांत भरलेले वर्णन दहाव्या शतकातल्या अरब लेखकांनी केले आहे. बगदादचा अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, सैमूरला स्वतः आला होता. त्या वेळी राष्ट्रकूटांचा मांडलिक असलेला शिलाहार राजा झंझ उत्तर कोकणावर राज्य करत होता, आणि मसूदीने त्याचे नाव नोंदवले आहे. मसूदीच्या म्हणण्याप्रमाणे सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद आणि इतर शहरांतून येऊन ते इथे स्थायिक झाले होते. त्यांनी इथेच लग्ने केली होती. इथे जन्मलेल्या त्यांच्या संततीला बयासिरा म्हणत. आकडा ढोबळ असला तरी एक गोष्ट निश्चित आहे. हे हंगामी पाहुणे नव्हते. त्यांची घरे, मशिदी आणि कबरी इथे होत्या.

या जमातीवर राजाने त्यांच्यातलाच एक अधिकारी नेमला होता, त्याला हुनरमान म्हणत. मुसलमानांचे खटले तो त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे चालवी. मसूदीच्या भेटीच्या वेळी अबू सईद मारूफ बिन झकरिया हा हुनरमान होता. बुजुर्ग बिन शहरयारच्या ‘अजाइब अल-हिंद’ या खलाशांच्या कथासंग्रहात सैमूरची एक हकीकत आहे. सिराफच्या एका खलाशाने देवळात मूर्तीची विटंबना केली. दरबाऱ्यांनी जबर शिक्षा सुचवल्या, पण राजाने मामला हुनरमानाकडे सोपवला. कथेत खलाशी तिखटमीठ लावतात हे धरूनही तिच्यातला व्यवस्थेचा गाभा खरा वाटतो, कारण इब्न हौकलसारख्या भूगोलकारांनी तीच व्यवस्था कोरडेपणाने नोंदवली आहे. बल्हराच्या, म्हणजे राष्ट्रकूटांच्या, मुलखात मुसलमानांवर मुसलमानच अधिकारी असतो आणि त्यांच्या शहरांत जामा मशिदी आहेत, असे तो लिहितो. राजाच्या श्रद्धेवर आघात करणाऱ्या गुन्ह्यातही करार पाळणारी ही राजनीती होती. परक्या व्यापाऱ्याला सर्वांत मोठी धास्ती वाटते ती अनोळखी कायद्याची, आणि शिलाहारांनी ती धास्तीच काढून टाकली. चौलच्या भरभराटीत वाऱ्याइतकाच या शहाणपणाचा वाटा होता.

सैमूरमध्ये मशिदींबरोबर ख्रिस्ती प्रार्थनागृहे, ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि अग्निमंदिरे होती, असे मिसार बिन मुहलहिल या प्रवाशाच्या आधाराने पुढच्या भूगोलकारांनी लिहिले आहे. अष्टागरातल्या, म्हणजे अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या, बेने इस्रायली समाजाची परंपरा याच किनाऱ्याशी बांधलेली आहे. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. चौल-रेवदंड्याच्या मराठी जीवनात हा समाज इतका मुरला की घरची भाषा मराठीच झाली.

चौलसारखीच व्यवस्था शेजारच्या बंदरांतही होती. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा, ताम्रपट मिळाला. त्यात संजाणच्या मंडलावर राष्ट्रकूटांनी मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरबी-फारशी वंशाचा, अधिकारी नेमल्याचे दिसते. या मधुमतीने विनामूल्य तर सुरू केली, अन्नछत्र घातले आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या भगवतीच्या मठाला दान देण्यास हातभार लावला. मसूदीचा सैमूर आणि मधुमतीचे संजाण यांच्यात जेमतेम दहा वर्षांचे अंतर आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचली की किनाऱ्यावरची ही व्यवस्था किती पक्की होती ते दिसते.

जकात हा बंदराचा कणा. शिलाहार राजा अनंतदेव याचा शके १०१६चा, म्हणजे इसवी सन १०९५च्या सुमाराचा, खारेपाटणचा ताम्रपट त्या दृष्टीने फार मोलाचा आहे. स्थानक (ठाणे), नागपूर (विदर्भातले नव्हे), शूर्पारक (सोपारा) आणि चेमूल या बंदरांत, एकमेकांचे भाऊ असलेल्या आपल्या दोन अमात्य-श्रेष्ठींच्या जहाजांना राजाने जकात माफ केली. अमात्य आणि श्रेष्ठी ही दोन्ही पदे एकाच घरात असणे हे शिलाहारांच्या राज्याचे खास लक्षण होते. जहाजाचा मालक दरबारात बसतो आणि दरबारी माणसाची जहाजे बंदरात उभी असतात. चौलच्या हितासाठी लढायला राजा हजर नसला, तरी चौलचे हित जाणणारे लोक राजाच्या बाजूला बसलेले होते. अरब व्यापारी आपल्या मायदेशाहून घोडे आणि धूप आणत आणि परतीच्या खेपेत इथले सागवान, कापड, नारळ आणि काथ्या नेत. सिराफची घरे सागवानाने बांधलेली असत आणि त्यांची जहाजे खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेली असत. सह्याद्रीच्या रानाशी आणि कोकणच्या नारळाशी इराणच्या आखाताचे असे नाते जडले होते.

पावसाळ्यात चौल मिटून बसे. जून ते सप्टेंबर समुद्र बंद, घाट चिखलाने आणि ओढ्यांनी बंद. दोन्ही वाटा एकदम उघडत आणि एकदम बंद होत, म्हणून नगराचे सारे वर्ष काही महिन्यांत कोंबलेले असे. या हंगामाचे चांगले वर्णन सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने केले आहे. एरवी चौलमध्ये वस्ती बेताची, पण डिसेंबर ते मार्च देशावरून बैलांचे मोठे तांडे येतात. बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोणी असतात आणि एक माणूस वीस-तीस बैल हाकतो. नगरापासून सुमारे एक कोसावर बाजार भरतो, असे तो सांगतो. गहू, तांदूळ, तिळाचे तेल आणि तलम कापड वरून उतरे. हे तांडे बोरघाटाने, मुळशीच्या घाटांनी किंवा आणखी उत्तरेच्या वाटांनी आले असतील. सगळ्या वाटा पायथ्याला एकत्र येत आणि खाडीकडे वळत. बाजार शहराबाहेर भरवण्यात व्यवहारी डोके होते. हजारो बैलांना चारा आणि पाणी पाखाड्यांच्या अरुंद रस्त्यांत मिळाले नसते.

त्याआधी, १४६९च्या सुमारास, रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन एक घोडा घेऊन चौलला उतरला. बहामनी राज्यात घोड्याला मोठी किंमत येत होती. गोऱ्या माणसाकडे लोक वळून वळून पाहत, असे त्याने लिहून ठेवले आहे. चौलहून तो खुश्कीने डोंगराजवळच्या पालीला गेला आणि तिथून उम्रीमार्गे जुन्नरला. ही पाली म्हणजे सुधागडाच्या पायथ्याचीच असे अभ्यासक मानतात. तसे असेल तर निकितिनच्या घोड्याने मुळशीच्या कड्याखालची वाट तुडवली होती. जुन्नरला पोचल्यावर पावसाने त्याला अडकवले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, ही त्याची नोंद घाटमाथ्यावरच्या कोणालाही पटेल.

पोर्तुगीज आल्यावर चौलची ही जुनी व्यवस्था मोडली. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुकांचे आरमार आणि गुजरातचा मलिक अयाझ यांनी चौलच्या खाडीत पोर्तुगीजांचा पराभव केला. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा त्यात मारला गेला. पण १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशाहाकडून परवानगी मिळवून पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. तेव्हापासून दोन चौले झाली. खालच्या चौलला तट, खंदक, चर्चे, मठ आणि तोफा, तर वरच्या चौलला निजामशाही अंमल, देवळे, मशिदी, हमामखाना आणि विणकरांची वस्ती. १५८३ मध्ये आलेला इंग्रज रॅल्फ फिच ही दोन्ही नगरे स्पष्ट वेगळी सांगतो. समुद्रात जाणाऱ्या जहाजाला आता पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घ्यावा लागे. जुन्या व्यवस्थेत परका व्यापारी राजाच्या कराराखाली येत असे. आता यजमानालाच परक्याच्या परवानगीची गरज पडू लागली.

१५७०च्या अखेरीस मुर्तझा निजामशाहाने रेवदंड्याला वेढा घातला. महिनोन्‌महिने तोफा चालल्या, घरे पडली, वाड्या तोडल्या गेल्या, आणि १५७१च्या जुलैत तह होऊन वेढा उठला. तरीही धंदा पुन्हा उभा राहिला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल चौलच्या रेशमी कापडाची आणि लाखकाम केलेल्या पेट्यांची तारीफ करतो. हे कापड वरच्या चौलच्या मागांवर विणले जात होते. त्या मागांचे मालक आणि कारागीर हेच नगराचे खरे भांडवल होते.

ते भांडवल पुढे मुंबईला गेले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामशाही बुडाल्यावरची ओढाताण, मोगल, विजापूर, सिद्दी आणि मराठे यांच्या लढाया यांना चौलचे विणकर कंटाळले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईत जागा देऊन बोलावले, आणि १६६८च्या सुमारास त्यांच्यासाठी वेगळा रस्ता वसवण्याचा हुकूम निघाला. १७३९ मध्ये वसई पडली, आणि १७४०च्या तहाने रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले. तोवर मोठा व्यापार निघून गेलेला होता. चौलचे महत्त्व खाडी गाळाने भरल्यामुळे संपले असे सहसा सांगितले जाते. गाळ भरला हे खरे, पण मूळ कारण तेवढेच नाही. गाळ भरलेल्या खाडीतही लहान गलबते चालतात. ज्यांच्यासाठी ती चालायची ते लोक उठून गेल्यावर खाडीचा उपयोग राहिला नाही.

घाटांचेही तेच झाले. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली. देशावरचा माल सरळ मुंबईला जाऊ लागला. सवाष्णी आणि वाघजाईवर मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर नेणारे, तांदूळ, तूप आणि हिरडा खाली आणणारे गावकरीच उरले. पुढे मुळशी खोऱ्यात धरण आले. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी त्याविरुद्ध सत्याग्रह चालवला, तरी नीला-मुळेच्या खोऱ्यातली गावे आणि त्यांची भातखाचरे बुडाली. पूर्वेला भीमेकडे जाणारे मुळेचे पाणी १९२७ पासून बोगद्यांतून आणि नळांतून भिऱ्याच्या वीजघरात उतरते आणि कुंडलिकेला मिळते. कोलाडच्या नौकाविहाराला लागणारे पाणी हेच. घाटमाथ्याची माणसे आणि बैल जी वाट चालत, त्या वाटेने आता मुळशीचे पाणी चौलच्या खाडीत जाते.

आजच्या चौलमध्ये रामेश्वर, हिंगलाज आणि दत्ताच्या डोंगरावर यात्रेकरू येतात. रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज चर्चचा उंच मनोरा उभा आहे, त्याला सातखणी म्हणतात. समोर कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली बोली अजून घरात बोलली जाते. किनाऱ्यावरच्या या अवशेषांकडे अभ्यासकांचे थोडेफार लक्ष गेले आहे. घाटमाथ्याकडे तेवढेही गेलेले नाही. मुळशीच्या पश्चिम धारेवरच्या वाटांतली टाकी, कोरलेल्या पायऱ्या, वाटेवरचे देव आणि जकातीच्या जुन्या जागा यांची गावनिहाय नोंद तातडीने व्हायला हवी. धारेवर घरबांधणी आणि रस्ते दर वर्षी पुढे सरकत आहेत. या वाटा वापरलेली जुनी माणसे अजून तेलबैला, एकोले, पिंपरी आणि ताम्हिणीच्या वाड्यांत आहेत. त्यांच्याकडून ही माहिती आता लिहून घेतली, तरच चौलच्या इतिहासाची डोंगराकडची बाजू पुढच्या अभ्यासकाच्या हाती पडेल.